जावयाकडे पुरावा कसा मागायचा

ऑफिसात त्याला सगळे ‘शिक्का’ म्हणत. तोंडावर नाही, पण त्याला ते ठाऊक होतं आणि फारसं लागतही नसे. कंपनी पाण्याचे पंप बनवायची. शेअर बाजारातली कंपनी, म्हणजे हजारो अनोळखी माणसांच्या पैशावर चालणारी. म्हणून नियम असा, की एकाने विक्रीची नोंद करायची आणि दुसऱ्याने माल खरोखर गोदामाबाहेर पडल्याचा कागद पाहून ती मंजूर करायची. एकाच्या मनात पाप आलं तर दुसऱ्याने हात धरावा, एवढीच त्यामागची अक्कल. नोंद करणारा होता शिक्क्याचा जावई, आणि मंजूर करणारा शिक्का स्वतः.

हे नातं ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं. जावयाची आधीची नोकरी सुटली, लेक फोनवर रडायला लागली, तेव्हा शिक्क्यानेच शब्द टाकून त्याला इथे चिकटवलं होतं. कंपनीत कुणी नातेवाईक आहे का, या प्रश्नाला दोघांनी बिनदिक्कत ‘नाही’ सांगितलं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. आपलं म्हणावं असं त्याला एकच घर उरलं होतं, लेकीचं. दर रविवारी तो तिथे जेवायला जाई आणि नातीला पाठुंगळी घेऊन घरभर फिरे. ते घर शाबूत राहावं, यापलीकडे त्याला काही नको होतं.

घोळ झाला तो यातूनच. घरी जावई आला की हा खुर्चीवरून उठायचा, “बसा, जावईबापू” म्हणायचा. असा माणूस ऑफिसात त्याच जावयाकडे पुरावा कोणत्या तोंडाने मागणार? सुरुवातीला एकदा त्याने धीर केला होता.

“या नोंदीमागचा गोदामाचा कागद दिसत नाही.”

“येईल, सर,” जावई म्हणाला. मग इकडेतिकडे बघून हळूच, “विश्वास नाही का, बाबा?”

संपलं! शिक्क्याने त्यानंतर कधी कागद मागितला नाही. पुढे तर त्याने स्वतःचा पासवर्डच जावयाला देऊन टाकला. घरच्या माणसाला मंजुरीसाठी ताटकळत कशाला ठेवायचं! असला मूर्खपणा परका माणूस करूच शकत नाही, त्याला सासराच व्हावं लागतं.

जावयाने हात धुऊन घेतले. तिमाही संपायला आली आणि विक्री कमी भरली, की गोदामातलेच पंप विकले म्हणून दाखवायचे. आकडे गुटगुटीत, बोनसही गुटगुटीत. वित्तप्रमुख बाईंना ते आकडे इतके आवडायचे, की ते कुठून येतात हे विचारून त्यांना रंगाचा बेरंग करायचा नव्हता.

यंदा ऑडिटर नवा आला. आधीचे चहा पिऊन, कागद चाळून जायचे. हा उठून थेट गोदामात गेला आणि ‘विकलेल्या’ पंपांवरची धूळ बोटाने पुसून बघत बसला.

बाईंनी शिक्क्याला केबिनमध्ये बोलावलं. “बाजाराला कळवावं लागणार, की आमच्या हिशेबाच्या तपासणीत त्रुटी आहे. त्रुटी म्हटली की लोक विचारतात, कुणाची? उद्यापर्यंत मला एक माणूस हवाय. दोन असले की कारस्थान वाटतं.”

त्या संध्याकाळी लेक त्याच्या खोलीवर आली. नातीला आणलं नव्हतं. बसलीसुद्धा नाही.

“बाबा, नोंदीही तुम्हीच केल्या असं सांगा. ह्यांचा पासवर्ड वापरून.”

“अगं, झालंय नेमकं उलटं. माझा पासवर्ड त्यांनी...”

“ते उलटसुलट मला कळत नाही. तुमची नोकरी तशीही संपत आलीय. ह्यांची गेली तर आम्ही कुठे जायचं?”

“त्यांनी असं का केलं, हे तू तरी विचारलंस का त्यांना?”

“तुम्ही विचारलंत का कधी?” लेक म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्याने सगळं स्वतःच्या डोक्यावर घेतलं. बाईंनी कागद त्याच्यापुढे सरकवला आणि सही होईपर्यंत मोबाइल बघत राहिल्या. त्याचे निवृत्तीचे पैसे अडकवून ठेवले. आयुष्यभर रोज ज्या रखवालदाराला तो हात करायचा, त्यानेच दंडाला धरून त्याला फाटकाबाहेर नेलं. कंपनीने बाजाराला कळवलं, की त्रुटी दूर झाली आहे. शेअरचा भाव सावरला. रिकाम्या जागेवर अनुभवी माणूस हवा होता, म्हणून बाईंनी जावयाला मंजुरीच्या खुर्चीत बसवलं.

आपण लेकीचं घर वाचवलं, या समाधानात शिक्का रविवारी दाढीबिढी करून निघाला. जिना उतरत असताना लेकीचा फोन आला.

“बाबा, येऊ नका. आता कधीच येऊ नका. ऑडिटर अजून नातीगोती खणून काढतोय.”

“बरं,” तो म्हणाला. “छोटीला फोनवर तरी दे. वाट बघत असेल.”

“नाही बघत. ह्यांच्या ऑफिसातल्यांची मुलं तिच्याच शाळेत आहेत, आणि ही काहीही बडबडते. म्हणून आम्ही तिला सांगितलं, की आजोबा वारले.”

तो पायरीवर बसला.

“कशाने?”

“झोपेत. त्रास झाला नाही म्हणून सांगितलं.”

“रडली का?”

“थोडी,” लेक म्हणाली. “मग जेवली.”