विरळ हवेतला जेट

भाचीचं पत्र येऊन बरेच दिवस झाले होते आणि मी अजून उत्तर दिलं नव्हतं. लिहायला बसत नव्हतो असं नाही. बसायचो, लिहायचो आणि फाडायचो.

ती दूरच्या डोंगराळ मुलखात एका दवाखान्यात नर्स म्हणून रुजू झाली होती आणि जाताना वडिलांची जुनी मोटारसायकल घेऊन गेली होती. तिचे वडील, म्हणजे माझे मेहुणे, आता नाहीत. ती गाडी त्यांनी आणि मी एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतली होती. रंग सोडला तर दोन्ही गाड्या जुळ्या. तिनं लिहिलं होतं, ‘मामा, इथे वर आल्यापासून गाडी घुसमटते. हळू चालवली तर ठीक, पण चढावर एक्सलरेटर पूर्ण पिळला की काळा धूर सोडते आणि म्हाताऱ्यासारखी खोकते (रागावू नकोस). इथला मेकॅनिक भंगारात द्या म्हणतो. बाबांची गाडी आहे रे. तूच सांग काय करू.’ सोबत कापसात गुंडाळलेला तिच्या इंजिनातला स्पार्क प्लग होता, काजळीनं माखलेला.

रोग मला कळला होता. पेट्रोल आणि हवा जिथे मिसळतात त्या कार्बोरेटरमध्ये पितळेचा एक बारीक स्क्रू असतो, मधून आरपार छिद्र असलेला. तोच जेट. एक्सलरेटर पूर्ण पिळला की लागणारं पेट्रोल त्या छिद्रातून जातं. डोंगरावर हवा विरळ, पण छिद्र तेवढंच, म्हणून पेट्रोल हवेच्या मानानं जास्त होतं. तेव्हा जेट लहान हवा. पण किती लहान? माझी पुस्तकं याबाबतीत एकमेकांशी भांडत होती. फार लहान लावला तर पेट्रोल कमी पडून इंजिन भयंकर तापतं आणि भर चढात पिस्टन जाम होतो. मागचं चाक जागच्या जागी अडकतं. एका बाजूला दरी आणि गाडीवर आपली पोर. हे डोळ्यांसमोर आलं की कागद फाटायचा.

“पुस्तकांना विचारून झालं असेल तर आता डोंगराला विचारा,” बायको म्हणाली.

“म्हणजे?”

“तिच्याएवढी उंची आपल्याकडेही आहे की. वरच्या खिंडीत. तिथे जाऊन तुमचीही गाडी आजारी पाडू.”

मी नकाशे काढून पाहिले. उंचीत फारसा फरक नव्हता. इतक्या दिवसांत मला हे सुचलं नव्हतं.

“तू कशाला येतेस? चढ आहे.”

“तिच्या गाडीवर औषधांच्या पेट्या असतात. तुमच्या गाडीला ओझं नको? मी आहे ना. आणि वजनावरून एक शब्द बोलायचा नाही.”

चष्म्याच्या रिकाम्या डबीत वेगवेगळ्या नंबरांचे जेट भरले, नवे प्लग आणि पाने घेतले आणि आम्ही निघालो. समुद्राकाठच्या सपाटीवर गाडी गुणी होती. रस्ता वर चढू लागला, झाडं खुजी होत गेली आणि इंजिनाचा आवाज हळूहळू जड झाला. कान तीक्ष्ण करून मी ऐकत होतो. डोळ्यांना हवेत काही फरक दिसत नव्हता. आकाश तेच, ऊन तेच. पण केसाएवढ्या त्या छिद्राला आपण किती वर आलो ते कळत होतं. खिंडीजवळ गाडीनं काळा धूर सोडला आणि ती खोकली. अगदी पत्रात लिहिल्यासारखी.

“आला हो आला! तुमच्या भाचीच्या गाडीचा खोकला!” बायको मागून ओरडली आणि तीही धापा टाकू लागली. मीही टाकत होतो. तिघांनाही हवा कमी पडत होती.

पूर्ण एक्सलरेटरवर गाडी चढवायची, मग एकदम क्लच दाबून इंजिन बंद करायचं आणि प्लग काढून बघायचा, ही रीत; प्लगच्या रंगावरून पेट्रोलचं प्रमाण कळतं. मी प्लग काढला आणि भाचीच्या प्लगशेजारी बायकोच्या हातरुमालावर ठेवला. आम्ही दोघंही वाकून पाहू लागलो. जो डोंगर मी कधी पाहिला नाही, त्यानं काढलेली काजळी आणि या डोंगराची काजळी, दोन्ही सारख्याच. कडेची राखाडी छटासुद्धा.

इंजिन निवल्यावर एक नंबर लहान जेट लावला. कार्बोरेटरची पेट्रोलनं भरलेली वाटी बायकोनं दोन्ही हातांत धरली, कुणाचं तान्हं बाळ धरावं तशी. खोकला कमी झाला, पण प्लग अजून काळपट. आणखी एक नंबर लहान लावला. आता धूर नाही आणि प्लग खरपूस बिस्किटाच्या रंगाचा. तरीही माझ्या मनात पाल चुकचुकलीच. म्हणून त्याहूनही एक लहान लावून पाहिला.

गाडी अशी पळाली की बायकोनं माझा खांदा घट्ट धरला.

“अहो, हाच! हाच पाठवा! नवरीसारखी निघाली!”

मी प्लग काढला. पांढराफटक. इंजिनातून तापलेल्या लोखंडाची टिकटिक येत होती आणि जवळ हात नेववत नव्हता.

“नाही,” मी म्हणालो.

“पण किती छान पळाली!”

“म्हणूनच नाही. पेट्रोल कमी पडतंय आणि ही कुरकुरसुद्धा करत नाहीये. थोडं पुढे गेली असती तर जाम झाली असती. आधीचा जेट बरोबर.”

बायकोनं माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. इतक्या ठामपणे मी ‘नाही’ म्हटलेलं तिनं फारसं ऐकलं नसावं. मीही नव्हतं.

तो आधीचा जेट मी उन्हात धरला. छिद्रातून उजेडाचा एक ठिपका दिसत होता, बस्स. त्या ठिपक्यात एवढा डोंगर मावला होता.

परतीच्या उतारासाठी मी माझा जुना जेट परत बसवला आणि खिंडीतल्या छोट्या पोस्टात बाकावर बसून लिहिलं, ‘सोबतचा जेट लाव. दोन दिवसांनी प्लग पाहा. बिस्किटासारखा हवा, पांढरा दिसला तर गाडी हलवू नकोस. आणि खाली आमच्याकडे यायला निघशील तेव्हा आधी जुना जेट लाव. वर जो बरोबर, तोच खाली घातक. गाडी भंगारात द्यायची नाही. मामा.’

खिडकीतल्या बाईंनी पाकीट चाचपलं. “आत काय टोचतंय?”

“पितळेचा स्क्रू. भोक असलेला.”

“एका भोकासाठी एवढं पोस्टेज?”

“भोक फार अचूक आहे,” बायकोनं माझ्या आधी सांगितलं.

बाईंनी शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पिशवीत टाकलं.