कोरा रुपया

“चाचा, आरशासारखी झाली पाहिजे. फोटोत नुसती चमकली पाहिजे,” असं म्हणत हर्षालीनं पिशवीतून एक फडक्याची पुरचुंडी काढली आणि रहमतुल्लाच्या पाटापुढं सोडली.

आतून रुपयांची माळ निघाली. एकोणीस राणीछाप रुपये, प्रत्येकाच्या माथ्यावर जोडलेली कडी, आणि सगळे रुपये तव्याच्या बुडासारखे काळे. दोरा इतका जुना की हात लावला तर तुटेल.

जुन्नरच्या पेठेत हातानं चांदी उजळणारा आता रहमतुल्ला एकटाच उरला होता. बाकीचं काम नारायणगावच्या यंत्रांनी नेलं होतं. अडुसष्टाव्या वर्षीही त्याचा नेम सुटला नव्हता. सकाळी नळाला पाणी आलं की रिठे भिजत टाकायचे, मग दुपार कलेपर्यंत पैंजण, करंडे, देव्हाऱ्यातले टाक घासत बसायचं. हातांचा काळेपणा कधी जात नसे. त्याची बायको जोहराबी म्हणायची, लग्नात मेंदी मला लावली आणि रंग तुम्हाला चढला.

सवयीप्रमाणे त्यानं माळ मानेमागच्या फाशाकडून तपासायला घेतली. पहिलाच रुपया बोटांत आला आणि बोटं थांबली. त्या रुपयावर राणी नव्हती. मागची अक्षरं नव्हती, वेलबुट्टीही नव्हती. दोन्हीकडून गुळगुळीत, कोरा.

“कुठली गं तू, बाळ?”

“निमगाव सावा. सरूबाईंची नात. माळ आजीची आहे, लग्नात मला देणार आहे. पुढच्या रविवारी लग्न.”

रहमतुल्लानं चष्मा काढून उगाचच पुसला. तो रुपया कुणी कोरा केला हे साऱ्या जगात त्याला एकट्याला ठाऊक होतं.

एक्क्याऐंशी सालची गोष्ट. तेव्हा तो चोविशीत होता, वडिलांच्या हाताखाली काम शिकत होता. वडील परगावी गेले होते आणि निमगावची एक तरणी बाई हीच माळ उजळायला ठेवून गेली होती. रिठ्यानं घासत बसायला दोन दिवस लागले असते. वडील यायच्या आत काम करून दाखवावं म्हणून त्यानं स्वतःच्या मनानं तेजाब कालवलं. कडक कालवलं. पारखायला एक रुपया सोडवून त्यात टाकला, आणि तेवढ्यात वरून हाक आली, पाहुणे आलेत, वर ये. पाहुणे जोहराबीकडचे होते. चहा झाला, चौकशा झाल्या, मोठ्या माणसांपुढून उठता येईना. खाली येऊन बघतो तर राणी विरघळून गेलेली. उरलेले अठरा रुपये त्यानं रात्रंदिवस रिठ्यात घासले, आणि कोरा रुपया फाशाजवळ ओवला, मानेमागं, केसांखाली झाकला जाईल असा. बाई माळ घेऊन हसतमुखानं गेली. त्या दिवसापासून रहमतुल्ला कधी निमगावला गेला नाही. तिकडचं काम आलं तरी ‘इथंच आणून द्या’ म्हणायचा.

“बाळ,” तो म्हणाला, “ही माळ घासू नये.”

“का?”

“हा मळ न्हाई. चांदीच वरनं काळी होती. सायीवाणी थर धरती. घासलं की ती साय निघून जाती आन् खालची चांदी उघडी पडती. पुन्हा काळी होती, पुन्हा घासायची. दर वेळी राणीचं नाक थोडं थोडं जातं. मी जन्मभर हेच केलंय, म्हणून सांगतो.”

“म्हणून मी काळी माळ घालू?” हर्षालीचा चेहरा पडला. “सासरची माणसं म्हणतील, गंजलेलं सामान दिलं. तुम्हाला होत नसेल तर राहू द्या चाचा. नारायणगावला मशीनवर अर्ध्या तासात होतं म्हणे.”

तिनं माळेसाठी हात पुढं केला.

देऊन टाकावी, असं रहमतुल्लाच्या मनात येऊन गेलं. यंत्रावर एकोणीसच्या एकोणीस रुपये गुळगुळीत झाले असते. मग त्या एकाचं कुणी कधी विचारलंच नसतं. इतकं सोपं होतं ते. पण बोटं माळ सोडीनात.

“एक दिवस थांब. उद्या आजीला घेऊन ये. तिच्यासमोर जे ठरंल ते करू.”

दुपारी जेवताना त्यानं जोहराबीला सगळं सांगितलं. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. ती घास हातात धरून ऐकत राहिली.

“तो बता दो ना,” ती शेवटी म्हणाली. “बूढ़े हो गए, अब कौन मारेगा?”

दुसऱ्या दिवशी सरूबाई आली. नारायणगावला जीप बदलून, नातीच्या खांद्याला धरून. पंचाहत्तरीची बाई, वाळून काटकी झालेली, पण नजर लख्ख. दुकानाच्या पायरीवर बसली, तांब्याभर पाणी प्यायली आणि माळ मांडीवर घेतली. रहमतुल्लानं घसा खाकरला. तेवढ्यात तिची बोटं न बघताच कोऱ्या रुपयावर गेली.

“ह्यो बघितला का गं?” ती नातीला म्हणाली. “ह्यो मी झिजवला. तुझा आजा हिरीत पडला व्हता, कंबर मोडली. पुण्याच्या दवाखान्यात चार म्हयनं. मी खाटंच्या खाली बसायची. मानंमागला ह्यो रुपया वढून पुढं घ्यायची आन् पदराखाली मुठीत धरायची. रातंदिस. धनी घरी आलं तवा बघते तर राणी गेलेली. धरून धरून पार झिजली.”

हर्षालीनं रुपयावरून अंगठा फिरवला. तिनं ही गोष्ट ऐकलेली दिसत नव्हती.

रात्रभर रहमतुल्लानं कबुलीची तयारी केली होती. ती बाई रागावेल, माळ आपटेल, गावभर सांगेल, सगळं धरून चालला होता. हे मात्र त्याच्या हिशेबात नव्हतं. आता बोलणं म्हणजे तिच्या मुठीतला रुपया काढून घेणं. आणि गप्प बसणं म्हणजे तिला दुसऱ्यांदा फसवणं.

“सरूबाई,” तो म्हणाला, “त्यो तुमी न्हाई झिजवला. माझ्या हातनं गेला. तेजाबात ठिवला आन् इसरलो. तुमाला सांगायची छाती झाली न्हाई. म्हणून मागं ओवला.”

पेठेतून एक टेम्पो गेला.

“कवाची गोष्ट?” सरूबाईनं विचारलं.

“एक्क्याऐंशीची. दिवाळीच्या आधी.”

“धनी पडलं ते ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात.” तिनं मनाशी ताळा जुळवला. “म्हंजी मी धरला तवा राणी नव्हतीच.”

“नव्हती.”

सरूबाई खाली मान घालून बसली. मग तिचे खांदे हलायला लागले. हर्षाली घाबरून तिच्याजवळ सरकली, तर म्हातारी तोंडाला पदर लावून हसत होती.

“चार म्हयनं मी तिला सांगत व्हते, बाई, माझा माणूस उठीव. आन् ती घरीच न्हाई.” तिनं डोळे पुसले. हसण्यानं आलेलं पाणी होतं, का दुसरं काही, ते रहमतुल्लाला कळलं नाही. “पर उठलं की वो धनी. अजून काठी टेकीत मळ्यात जात्यात. मंग कुणी ऐकलं म्हणायचं?”

“ऐकणारा ऐकतोच,” रहमतुल्ला म्हणाला.

त्यानं गल्ल्यामागच्या डबीतून एक रुपया काढला. स्वच्छ, ठसठशीत राणीचा. “ह्यो त्याच्या जागी बसवून देतो. माझ्याकडनं.”

“ऱ्हाऊ द्या,” सरूबाई म्हणाली. “तुमच्या तेजाबात घडीभर व्हता. माझ्या मुठीत चार म्हयनं. त्यो माझाच.”

हर्षालीनं माळ आजीच्या मांडीवरून उचलली, एकेक रुपया उलटसुलट करून पाहिला आणि रहमतुल्लाच्या हातात दिली.

“नुसती धुवून द्या चाचा. घासू नका.”

रहमतुल्लानं रिठ्याचं पाणी कोमट केलं. ब्रशाला हात लावला नाही. मऊ धोतराच्या तुकड्यानं एकेक रुपया टिपला. चुलीच्या धुराचा चिकटा निघाला आणि खालची काळी झाक उघडी झाली, पिकल्या जांभळासारखी, किंचित निळसर. राणीच्या वेणीच्या कडा तेवढ्या उजळ राहिल्या. मग नव्या काळ्या रेशमात माळ गाठली. जोहराबीनं चहा आणला. तिनं आणि सरूबाईनं आपापली गुडघेदुखी एकमेकींना सांगितली, आणि निघताना सरूबाई म्हणाली, “लग्नाला दोघं बी या. जोडीनं.”

रविवारी दोघं जीपनं निमगावला गेली. मांडवाच्या तोंडाशी रखमाजी, सरूबाईचा नवरा, काठी टेकून उभा होता. “या पावणं,” म्हणत त्यानं त्यांना पार पुढं नेलं आणि मुलाकडच्या मंडळींशेजारी बसवलं. स्टेजवर हर्षालीच्या गळ्यात सोन्याचे दोन हार चकाकत होते आणि त्यांच्या खाली ती काळसर माळ शांत पडली होती. फाशाजवळचा रुपया केसांखाली होता. तो काही दिसत नव्हता.

पंगतीत मागच्या बाजूला एक बाई दुसरीला म्हणाली, “एवढा खर्च केलाय लग्नाला, आन् माळ उजळायला कुणी गावलं न्हाई व्हय?”

जोहराबीनं नवऱ्याकडं पाहिलं. रहमतुल्लानं पानातला बुंदीचा लाडू मोडला आणि अर्धा तिच्या ताटात ठेवला.