गोठ्यातला रेबीज

दुकानातल्या दुधाला साय धरत नाही, ही टेक्सासच्या प्लेनो शहरातल्या मराठी घरांतली नेहमीची तक्रार. म्हणून शैलेंद्र या सॉफ्टवेअर इंजिनिअरने शहराबाहेर जागा घेऊन गायी पाळल्या, तेव्हा सगळ्यांनाच आनंद झाला. सुट्टीच्या दिवशी तो मित्रांकडे ताजं दूध पोचवायचा.

२००६च्या उन्हाळ्यात त्याच्या एका गायीची लाळ गळू लागली, तिला गिळता येईना. घशात काही अडकलं असेल म्हणून तो तिच्या तोंडात हात घालणार, इतक्यात गाय बघायला बोलावलेल्या मंजुषामावशींनी त्याला मागे ओढलं. मावशी तिथल्या जुन्या पशुवैद्य. गोठ्याच्या आढ्याला लटकलेली वटवाघळं पाहून त्यांना वेगळीच शंका आली होती.

गाय गेली. प्रयोगशाळेचा निकाल आला : रेबीज, वटवाघळाकडून आलेला! कुत्र्याची लस कधी न चुकवणाऱ्या शैलेंद्रला गायींना लस देण्याचं सुचलंच नव्हतं. आधी गायीचं तोंड पुसताना त्याचे हात लाळेत माखले होते, म्हणून त्याची स्वतःची इंजेक्शनं लगेच सुरू झाली.

दूध कुणाकुणाकडे गेलं, असं मावशींनी विचारलं. तो घुटमळला.

"मावशी, सगळे उकळूनच पितात. उगाच पॅनिक कशाला? लोक माझं तोंड बघणार नाहीत."

"उकळलं असेल तर भीती नाही. पण कुणी कच्चं प्यायलं असेल तर? धोका अगदी थोडा आहे, मान्य. पण रेबीजची लक्षणं दिसल्यावर हातात काही उरत नाही रे. लस त्याआधीच घ्यावी लागते."

शैलेंद्रने एकेका घरी फोन केला. रुपालीचा मुलगा नील दूध कच्चंच प्यायचा. ती रडली, शैलेंद्रला नाही नाही ते बोलली. मावशी तिच्यासोबत डॉक्टरांकडे गेल्या. नीलला वेळेवर लस मिळाली.

आता शैलेंद्रला वटवाघळं जाळायची होती. मावशींनी तेही करू दिलं नाही. ती ढीगभर किडे खातात, पिल्लं उडायला लागली की आढ्याच्या फटी बुजवू, पण रेबीज अडवायचा तो लशीनेच, हे त्यांनी समजावलं. मग शैलेंद्रने गायी धरल्या आणि मावशींनी एकेकीला लस टोचली.

गणपतीच्या कार्यक्रमात त्याने सर्वांसमोर झालेलं सगळं सांगितलं. रुपाली उठून म्हणाली, "राग होता माझा. पण तू फोन केला नसतास तर?"

मंडळी, जनावर पाळलं की त्याची लसही आपली जबाबदारी. आणि चूक झालीच, तर ती वेळेवर सांगण्याची हिंमतही आपल्यालाच करायची असते. मावशींनी रोग तर ओळखलाच, पण एका भल्या माणसाला ही हिंमतही दिली.