पोटातले नारिंगी धागे

किनाऱ्यावरच्या खोलीत मी माशांची पोटं चिरून कोणी काय खाल्लंय ते वहीत लिहीत होते. बाहेर गोठलेल्या समुद्राच्या बर्फाला पाडलेल्या भोकातून माझे धाकटे दीर मासे मोजायला उथळ पाण्यात उतरले होते. त्यांच्या कमरेचा दोर वर माझ्या नवऱ्याच्या हातात होता.

पहिल्या माशाच्या पोटात नेहमीचे झिंग्यासारखे किडे निघाले आणि एक नारिंगी धागा. दुसऱ्यात तसेच चार. हे मासे तळाशी पडलेलं काहीही गिळतात, म्हणून मी आधी हसले. मग आठवलं, भाऊजींचा दोर नारिंगी आहे. आणि मासे तर कालचे होते, म्हणजे दोर कालच्या बुडीपासूनच झिजत होता!

कोट न घालताच मी धावत सुटले.

"अहो, दोर खाली कुठेतरी झिजलाय! भाऊजींना वर बोलवा!"

ह्यांनी दोर खेचायला घेतला, तसा मी त्यांचा हात धरला. "जोरात नको. तुटला तर त्यांना भोक सापडायचं नाही."

ह्यांनी दोर दोनदा हलकेच ओढून वर यायची खूण केली. खालून उत्तर येईना. मग दोर एकदम सैल झाला. आम्ही एकमेकांकडे बघायलाही घाबरलो.

पाण्यावर बुडबुडे आले, पाठोपाठ डोकं.

"काय वहिनी, मलाच गळाला लावलंत?"

ह्यांनी दोर वर घेतला. एका जागी तो जेमतेम सुतळीएवढा उरला होता. भाऊजींचं हसू मावळलं. त्या दिवशी उरलेले मासे तसेच राहिले; मी आधी बाकीचे सगळे दोर तपासायला घेतले.