पूजेच्या कव्हरातला अकरावा भाग

मित्रांनो, मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी माझी जात पाहिलेलीसुद्धा नसेल. काळ्या प्लॅस्टिकची, छोट्या पाठ्यपुस्तकाएवढी डबी, आत दोन चक्र्या आणि त्यांवर गुंडाळलेली अडीचशे मीटर लांब तपकिरी फीत. आज त्या फितीतला बराच भाग माझ्या पोटात नाही. तो कुठे गेला ते मला ठाऊक आहे. उद्या सकाळी जे होणार आहे तेही ठाऊक आहे, आणि म्हणूनच मला भीती वाटते आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला, पण त्यातलं मला काही आठवत नाही. कोऱ्या फितीला कसल्या आल्यात आठवणी! माझं खरं आयुष्य सुरू झालं १९८८ साली, रोह्यात, मोरोपंत सरांच्या घरी. सर हायस्कुलात भूगोल शिकवायचे. त्यांच्या आळीत पहिला व्हिडिओ त्यांनी आणला होता आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता. त्या वर्षी टीव्हीवर ‘खारबंदी’ नावाची तेरा भागांची मालिका लागायची. खाडीकाठची मिठागरं, तिथली माणसं, उधाणाला फुटणारे बांध, अशी तिची गोष्ट होती. ती आपल्याच भागात, वडखळच्या पुढच्या मिठागरांवर चित्रित झाली होती. सर दर आठवड्याला बटणावर बोट ठेवून बसायचे आणि जाहिरात लागली की रेकॉर्डिंग थांबवायचे. पहिले सात भाग माझ्या थोरल्या बहिणीवर उतरले, आठ ते तेरा माझ्यावर. काम झाल्यावर सरांनी माझ्या कडेची छोटी पट्टी मोडली, म्हणजे माझ्यावर पुन्हा कुणी काही भरू नये. मला ते फार आवडलं. आपण कुणाला इतके हवे आहोत, हे कळलं की कुणाला आवडत नाही?

आता अकराव्या भागाबद्दल सांगते, कारण सगळं तिथेच अडलं आहे. त्या भागाच्या शेवटी बांध फुटतो आणि एक आगरी माणूस बायकोला हाक मारत धावत येतो, असा प्रसंग होता. मुंबईहून आलेल्या नटाला ते काही जमेना. चिखलात त्याचे पाय रुतत आणि हाकेत जीव येत नसे. शेवटी दिग्दर्शकाने मिठागरावर काम करणाऱ्या पुंडलिकला उभं केलं. गोष्टीतल्या बायकोचं नाव सगुणा होतं. पुंडलिकला तीनदा बजावलं होतं. पण कॅमेरा सुरू झाला, तो बांधावरून धावत आला आणि घाबरून ओरडला, “काशे! ए काशे! बांध फुटला गो!”

काशी ही त्याची स्वतःची बायको. दिग्दर्शक शहाणा होता. त्याने ती चूक तशीच ठेवली.

काशीबाईने मात्र तो भाग कधी पाहिला नाही. त्या संध्याकाळी त्यांच्या गावात वीज गेली होती. दुसऱ्या दिवशी मिठागरावर शेजारच्या गावांतला जो तो तिला चिडवत होता, “काय गो काशे, टीवीवर नवऱ्याने तुलाच बोलावलान!” ती लाजली आणि म्हणाली, पुन्हा लागंल तवा बगीन. ते पुन्हा कधी लागलं नाही. आठ वर्षांनी पुंडलिक तापाने गेला. त्याचा एकच फोटो घरात आहे, तोही चौघांत उभा असलेला, अर्धा चेहरा दुसऱ्याच्या टोपीआड.

इकडे रोह्यात आमचे चांगले दिवस चालले होते. सरांच्या पडवीत आळीतली पंचवीस-तीस माणसं बसून मला बघायची. मग लोक आम्हाला मागून न्यायला लागले. माझी बहीण नागोठण्याला एका लग्नघरी गेली ती आलीच नाही. सर चार वेळा आणायला गेले आणि चहा पिऊन परत आले. त्या दिवसापासून त्यांच्या मनात एक अढी बसली. त्यांनी मला माझ्या कव्हरातून काढलं आणि ‘श्रीसत्यनारायण पूजा’ लिहिलेल्या कव्हरात घातलं. त्यावर कॅलेंडरातलं देवाचं चित्रही चिकटवलं. “दुसऱ्याच्या घरची पूजा बघायला कोण मागून नेतोय!” असं म्हणून ते स्वतःशीच हसले. माझं खरं कव्हर रिकामंच फळीवर ठेवलं. माझ्या अंगावर तर कुठे काही लिहिलेलं नव्हतं.

युक्ती चांगली होती. फक्त ती सरांनी कुणाला सांगितली नाही, आणि पुढे स्वतःही विसरले.

मग सीडी आली, पुढे मोबाइल आला, आणि मला कुणी हात लावीना. तीस-बत्तीस वर्षं मी त्या कपाटात उभी होते असं समजा. रोह्याच्या दमट हवेत माझ्या फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरली. ती हळूहळू आत सरकत होती आणि मला ते कळत होतं. सांगणार कुणाला?

यंदा माघात बातमी आली. मुंबईची एक कंपनी ‘खारबंदी’ नव्याने साफ करून चकचकीत डिस्कवर काढणार होती. मालिका मुळात फिल्मवर चित्रित झाली होती, म्हणून चित्र इतकं स्पष्ट येत होतं म्हणे, की मिठाचा खडान् खडा मोजून घ्यावा. बारा भागांची रिळं शाबूत निघाली. अकराव्याचं रीळ आंबून चिकटून गेलं होतं. कंपनीतले वरचे लोक म्हणाले, तुटकी मालिका डिस्कवर विकत कोण घेणार? अकरावा भाग कुठूनही, कसाही मिळाला तरच डिस्क निघेल. तसा निरोप मोबाइलवरून गावोगाव फिरला, आणि फिरत फिरत काशीबाईच्या सुनेपर्यंत, अनितापर्यंत पोचला.

अनिताचं माहेर निडीचं. ती शाळेला रोह्यात, मोरोपंत सरांच्या हाताखाली होती. तिला सरांच्या पडवीतला व्हिडिओ आठवला. ती सासूला घेऊन सरळ घरी आली.

“सर, मना ओळखलंत का? मी अनिता, निडीची. ही माझी सासू.”

काशीबाई खुर्चीवर बसेना. उभ्यानेच म्हणाली, “सर, मना चित्र नको. येकदा त्याचा आवाज आयकाचा हाय. माझा नाव घेतलान त्याने, आनि मी आयकलाच नाय.”

सरांचे डोळे भरून आले. ब्याऐंशीव्या वर्षी माणसाचे लवकर भरतात. “आहे, माझ्याकडे आहे!” म्हणत ते काठी टेकत कपाटाशी आले आणि ‘खारबंदी, भाग ८ ते १३’ लिहिलेलं कव्हर काढून उघडलं. आत काहीच नव्हतं.

मित्रांनो, मी शेजारीच होते. चार बोटांच्या अंतरावर. सर रिकामं कव्हर उलटं करून हलवत होते. “नेली कुणीतरी! मी म्हणत नव्हतो? या आळीत एक वस्तू धड राहायची नाही!” त्यांनी दोन शेजाऱ्यांची नावंसुद्धा घेतली. त्यांची सून लतिका त्यांना शांत करत राहिली.  जाताना काशीबाईची नजर माझ्यावरच्या देवाच्या चित्रावर गेली आणि तिने मला हात जोडले. तिने ज्याच्यासाठी एवढा प्रवास केला तो आवाज माझ्या पोटात होता.

त्या प्रसंगाने सरांनी अंथरूण धरलं. “ते कपाट माझ्यासमोरून हलव,” एवढंच ते लतिकाला सांगत. लतिकाने आम्हा चौदा कॅसेटी पिशवीत भरल्या आणि दरवर्षी पोह्याचे पापड घेऊन येणाऱ्या पेणच्या धोंडुबाईला देऊन टाकल्या.

धोंडुबाईला कॅसेटी कशाला हव्यात, ते तुम्हाला सांगायला हवं. पेणला फाल्गुनात गच्च्यांवर पापड, मिरगुंडं वाळत घालतात आणि त्यांवर कावळे तुटून पडतात. मग बायका कॅसेटची फीत ओढून काढतात आणि या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत ताणून बांधतात. ऊन पडलं की फीत चमकते, वारा लागला की गुणगुणते, आणि पाखरं बिचकून लांब राहतात. वाऱ्याने ती तुटते, गुंतते, म्हणून दोन दिवसांनी नवी बांधावी लागते. हे काम त्या गच्चीवर कुणाकडे होतं, माहीत आहे? काशीबाईकडे. मिठागर बंद पडल्यापासून ती पापडाच्या दिवसांत धोंडुबाईकडे कामाला येते.

पिशवी उघडताच तिने मला ओळखलं. “अगो, ही तर सरांच्या घरची देवाची!” तिने मला पदराने पुसलं आणि जिन्यातल्या कोनाड्यात वेगळी ठेवली. मला एक क्षण वाटलं, वाचले. पण कोनाड्यातून मला सगळं दिसत होतं. बाकीच्या तेरा जणी एकेक करून गेल्या. कुणाची मुंज, कुणाचं बारसं, कुणाचं गॅदरिंग. काशीबाई विळ्याने फीत तोडायची, दोन्ही हात पसरून वाव मोजत ओढायची आणि कठड्याला गाठ मारायची. रिकाम्या डब्या पायरीवर साचत होत्या.

आठवड्यापूर्वी त्या संपल्या.

“काशीबाय, ती घे आता,” धोंडुबाई म्हणाली.

“देवाची हाय गो ती.”

“देव कव्हरावर हाय. आत निस्ती फीत. कावल्यांनी घान केली तं पापड कोन घेनार?”

काशीबाईने मला कव्हरातून बाहेर काढलं. कव्हर पुन्हा कोनाड्यात ठेवलं, त्याला नमस्कार केला, आणि विळा माझ्या फितीला लावला.

सरांनी मला शेवटपर्यंत बघून तशीच ठेवली होती, त्यामुळे फीत उलटी निघू लागली. आधी तेरावा भाग गेला, दोन दिवसांनी बारावा. एके काळी आठवड्याला एक भाग असं मला लोकांनी पाहिलं होतं. आता दोन दिवसांना एक भाग ऊन खात होता. काशीबाई काम करता करता धोंडुबाईला विचारायची, “निघंल का गो ती डिस्क? अनिता बोलली, निघाली तं मशीन पन घेऊ.” आणि बोलता बोलता तिचे हात मला ओढत होते. मी ओरडले असते. पण मित्रांनो, यंत्रात घातल्याशिवाय आम्हाला आवाज नसतो.

परवा सकाळी अकराव्याचा शेवट बाहेर आला. सात-आठ वाव फीत. “काशे! ए काशे!” तिच्याच बोटांमधून गेलं आणि तिने त्याला पश्चिमेच्या कठड्यावर गाठ मारली. दिवसभर तो तुकडा तिच्या डोक्यावर गुणगुणत होता. दुपारी खाडीवरून वारा सुटला, फीत तुटली आणि तिचा गुंता झाला. काल सकाळी काशीबाईने तो गुंता सोडवून बघितला, सुटेना, तेव्हा कापून खाली कचऱ्याच्या डब्यात टाकला. नऊला घंटागाडी आली आणि गेली.

दहा वाजता धोंडुबाईचा फोन वाजला. लतिका होती. सरांनी सकाळी सहज विचारलं होतं, पूजेची कॅसेट तरी ठेवलीस ना? आणि विचारता विचारताच त्यांना आपली युक्ती आठवली होती. म्हातारे फोनवर रडत होते, ते मला कोनाड्याखालच्या पायरीवरही ऐकू आलं.

काशीबाईने विळा टाकला. मग ती जे धावली, ते मी विसरणार नाही. कठड्यावरच्या सगळ्या फिती तिने दाताने गाठी सोडवून उतरवल्या, एकेक वाव पदराने पुसली आणि हलक्या हाताने हातावर गुंडाळली. तासाभरात अनिता आली. कंपनीतल्या माणसाशी बोलली. तो म्हणाला, पोटात उरलेली फीत चांगली असेल तर अकराव्याचा बराच भाग निघेल. सुरकुतलेलीही आणा. बुरशी आम्ही साफ करू. फिल्मइतकं स्पष्ट चित्र यायचं नाही, पण आवाज नक्की येईल. आणि भाग निघाला तर डिस्कही निघेल.

“आवाज येनार बोलला!” काशीबाई धोंडुबाईला मिठी मारून म्हणाली. “भेटला गो, भेटला!”

धोंडुबाईही रडत होती. घंटागाडीची आठवण कुणालाच झाली नाही. झाली असती तरी त्या गुंत्यात काय होतं, हे त्यांना कसं कळावं?

तर मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणी कपाटात उभं असेल. कव्हरावरचं वाचून त्याला फेकू नका आणि कव्हरावरचं वाचून त्याला जपूही नका. यंत्र शोधा, लावा आणि ऐका. घरात कुठे काय ठेवलं आहे ते दुसऱ्या एका माणसाला तरी सांगून ठेवा. आणि ज्याला ते ऐकायचं आहे तो जिवंत आहे तोवर ऐकवा. बुरशी थांबत नाही आणि माणसंही थांबत नाहीत.

मी आता अनिताच्या घरी स्टीलच्या डब्यात आहे. उद्या सकाळी आम्हाला मुंबईला जायचं आहे. तिथे एका खोलीत मला यंत्रात घालतील. पडद्यावर पाणी चढेल, बांध हलायला लागेल, माणसं मागे वळून बघतील, आणि पुंडलिक यायच्या आधी फीत संपेल.

काशीबाईने नवं लुगडं काढून ठेवलं आहे. आत्ताच तिने डबा उघडून मला बघितलं आणि अनिताला म्हणाली, “मी पुढच्या खुर्चीवर बसंन हां. मना नीट आयकाचा हाय.”