चौकटीत न मावलेलं तळं

मी एक जुना लाकडी स्टँड आहे, मित्रांनो. ज्यावर कॅमेरा ठेवतात ना, तो तीन पायांचा. फोटो कॅमेऱ्याने काढला, नाव फोटोग्राफरचे झाले आणि चिखलात उभा मात्र मी राहिलो. तक्रार नाही, पण सांगून ठेवलेले बरे.

एका सुताराने मला सवडीने घडवले. माझे मालक दर हिवाळ्यात मला खांद्यावर टाकून तळ्यावर नेत. काय त्या सकाळी होत्या! पाण्यावर धुके, थर्मासमधला चहा आणि सोबतीला मालकांची थोरली बहीण, ताई. तिचा नवरा त्याच तळ्यात मासे धरी. त्यावरच त्यांचे घर चाले.

पुढे वरच्या अंगाला कापड रंगवण्याचा कारखाना आला. काठाला फेस आणि मेलेले मासे साचू लागले. मग एक पद्धतच पडून गेली. मालक कॅमेऱ्यातून बघत आणि ताई दंताळ्याने घाण बाजूला ओढी.

"अजून ओढू का रे?"

"बास, ताई. बाकीचं फोटोत येत नाही."

बाकीचे माझ्या पायाशी येई.

तो फोटो कॅलेंडरवर छापला जाई. लोक म्हणत, डोळ्यांचे पारणे फिटले! मीही फुशारून जाई. आज त्याची लाज वाटते.

एका वर्षी जाळ्यात मासाच येईना. ताई अर्ज घेऊन कचेरीत गेली आणि हात हलवत परत आली.

"साहेबांच्या भिंतीवर तुझंच कॅलेंडर आहे," ती मालकांना म्हणाली. "मला म्हणाले, इतकं नितळ तळं, आणि तक्रार कसली करता बाई?"

मालकांचा चेहरा खर्रकन उतरला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला नेहमीच्याच जागी रोवले, पण ताईला दंताळे आणू दिले नाही. छापखानेवाल्याने तो फोटो पाहून हात जोडले. "असलं घरात कोण लावेल हो?" मग मालकांनी स्वतःच तो मोठा करून घेतला आणि दोघे बहीण-भाऊ कचेरीत गेले. गडबडीत मीही मालकांच्या खांद्यावरच राहिलो होतो.

साहेबांनी फोटो निरखून पाहिला आणि नाक मुरडले. "अरेरे! हे कुठलं तळं?"

ताईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवले. मालकांना मान वर करवेना.

कारखान्याचे घाण पाणी तळ्यात यायचे बंद व्हायला आणखी चार वर्षे लागली. तोवर ताईच्या नवऱ्याने जाळी विकून टाकली होती. आता मालक नाहीत आणि मी माळ्यावर पडून असतो. धुक्यातल्या त्या सकाळी फार आठवतात. मित्रांनो, तळ्याचे, डोंगराचे फोटो हौसेने काढा. पण ज्याचा फोटो काढता, त्याची विचारपूसही करत जा. आम्ही ती केली, पण फार उशिरा. तळ्यात मासे अजून परतलेले नाहीत.