मास्तरांचा डावा पाय

ज्यांच्या पायांना बाजारातला जोड चालत नाही, अशांचे बूट तो शिवायचा. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची बोटं एकमेकांवर चढलेली, कुणाच्या तळव्याला मधुमेहामुळे जाणीवच उरलेली नाही. सव्वीस वर्षं दुकान त्याच गल्लीत. बायको मापं लिहून घ्यायची, तो कातडं कापायचा.

त्या वर्षी गिऱ्हाईक आटलं. आधी त्याला वाटलं, असतात असे दिवस. पण सलग तीन आठवडे दुकानाकडे कुणी फिरकलं नाही, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, काहीतरी बिनसलंय."

काय बिनसलंय ते मुलीला सापडलं. तिने फोनवर दुकानाचं नाव टाकलं. सगळं जग ज्या एका कंपनीला विचारून घराबाहेर पडतं, त्या कंपनीने नकाशावर दुकानाच्या नावाखाली लाल अक्षरांत लिहिलं होतं : कायमचे बंद. त्याच्याही वर तयार बूट विकणाऱ्या एका बड्या कंपनीची जाहिरात.

"पण मी तर इथे बसलोय," तो म्हणाला.

मुलीने दुरुस्तीचा अर्ज भरला. पाटीचा व्हिडिओ पाठवा, असं उत्तर आलं. तिने पाठवला : पाटी, दार, आत मान खाली घालून टाके घालणारा बाप. चार दिवस दुकान उघडं दिसलं. पाचव्या दिवशी पुन्हा बंद. का, ते विचारायला ना नंबर, ना पत्ता. दर वेळी तेच छापील उत्तर, आपल्या सहकार्याबद्दल आभार.

"अगं, कुणीतरी माणूस असेल ना तिथे?"

"हजारो असतील, बाबा. आपल्याशी बोलायला एकही नाही."

दोन महिन्यांनी मास्तर आले. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. बारा वर्षं त्यांचे बूट हाच शिवत होता. सून त्यांची चाकाची खुर्ची ढकलत आत आली. डाव्या पायाची विजार गुडघ्याखाली दुमडून पिन लावलेली होती.

"आहात तुम्ही," मास्तर म्हणाले. "आम्हाला वाटलं, गेलात. आज डॉक्टरांच्या नर्सने सांगितलं, आहेत म्हणून."

"एक फोन करायचात, मास्तर," बायको म्हणाली.

"करणार होतो. पण कायमचं बंद म्हटल्यावर तुम्हाला काय विचारणार, वहिनी? कसे गेले, असं? धीर झाला नाही."

जुना जोड झिजला, तेव्हा त्यांनी फोनलाच विचारलं होतं : तळव्याला जाणीव नसेल तर बूट कोणते घ्यावेत? त्या दिवसापासून बातम्या उघडा, भजन लावा, मध्ये त्याच बड्या कंपनीच्या बुटांची जाहिरात. शेवटी त्यांनी मागवले. आतली शिवण करंगळीला घासत राहिली, पण त्यांना कळलंच नाही. मोजा चिकटलेला सुनेला दिसला, तोवर जखम हाडापर्यंत गेली होती.

"पायाला कळत नाही, हे मी फक्त डॉक्टरांना आणि तुम्हाला सांगितलं होतं," मास्तर म्हणाले. "घरातसुद्धा बोललो नव्हतो."

सून खिडकीबाहेर बघत होती. "आमच्याही फोनवर यायच्या त्या जाहिराती," ती म्हणाली. "आम्ही पुसून टाकायचो. कुणासाठी आहेत ते कळलंच नाही."

"त्यांना माझ्या तळव्याचं ठाऊक होतं," मास्तर म्हणाले. "तुम्ही जिवंत आहात, तेवढं नव्हतं."

तो जमिनीवर बसला. मास्तरांचा उजवा पाय मांडीवर घेतला आणि फीत लावली. बायकोने माप लिहायला वही उघडली. त्याच्या तोंडून आकडा काही निघेना. तिने स्वतः वाकून फितीवरचं माप वाचलं.

आठ दिवसांनी बूट तयार झाला. वर्ष सरायच्या आत त्याने दुकान सोडलं. त्याच नर्सच्या खटपटीने त्याला इस्पितळाच्या मागच्या बाजूला एक खोली मिळाली. आठवड्यातून तीन दिवस तो तिथे बसतो. गिऱ्हाईक कमी नाही. फक्त तिथे पोचणाऱ्या बहुतेकांचं काही ना काही आधीच कापलेलं असतं.